१२,३४,५६,७८९ ची फोड: मोठी संख्या कागदावर कशी उलगडायची

कागद, पेन्सिल आणि तासभर निवांत वेळ एवढं घेऊन बसा. आपण १२,३४,५६,७८९ ही संख्या उलगडणार आहोत, म्हणजे तिची मूळ अवयवांत फोड करणार आहोत. एक ते नऊ अंक ओळीनं लिहिले की झाली, त्यामुळे ती पाठ करावी लागत नाही. दिसायला अगदी सोपी वाटते, पण शाळेतली भाग देत बसायची पद्धत वापरली तर ही संख्या चांगलाच घाम फोडते. आणि योग्य जागी योग्य प्रश्न विचारला तर दोन ओळींत उघडते. हा फरक हातानं अनुभवता यावा म्हणूनच मी हिची निवड केली.

संगणकाला विचारलं तर उत्तर क्षणात येतं, हे खरं. पण उत्तर बघून संख्येची ओळख होत नाही. एकदा तरी स्वतःच्या हातानं फोड करून बघा, मग संख्या सिद्धांतातले शब्द नुसते शब्द राहत नाहीत.

आधी संख्या नीट उतरवा

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आहे. मी पहिल्यांदा ही संख्या घेऊन बसलो तेव्हा वहीत ८ गाळला गेला आणि १,२३,४५,६७९ लिहिलं. ३७ नं नि:शेष भाग गेला, पुढचा अवयव ३,३३,६६७ मिळाला, आणि पडताळा घेताना कळलं की दोन पानं दुसऱ्याच संख्येवर खर्च झाली आहेत. ती आठ नसलेली संख्याही मोठी सुंदर आहे: तिला ९ नं गुणलं की ११,११,११,१११ येतात. पण ती आपली नव्हे. एक अंक हलला की फोडच बदलते. जवळजवळ बरोबर असलेली संख्या इथे काहीच कामाची नसते.

पायरी १: शेवटचे अंक

एककस्थानी ९ आहे. म्हणजे २ नं भाग जात नाही, ५ नंही नाही. हे कुणीही सांगेल.

आता शेवटचे तीन अंक घ्या: ७८९. याला ८ नं भागलं तर बाकी ५ उरते. १,००० ला ८ नं नि:शेष भाग जातो, त्यामुळे पूर्ण संख्येला ८ नं भागलं तरी बाकी ५ च. या एका बाकीवरून कळतं की ही पूर्ण वर्गसंख्या नाही. कारण कोणत्याही विषम संख्येच्या वर्गाला ८ नं भागलं की बाकी १ उरते. ३ चा वर्ग ९, ५ चा २५, ७ चा ४९. तिन्हींची बाकी तपासून बघा. कारणही सोपं आहे: विषम संख्येचा वर्ग म्हणजे लगतच्या दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट अधिक एक. लगतच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच, म्हणून ती चौपट खरं तर आठाच्या पटीत जाते.

५ ही बाकी कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे लागणार आहे.

पायरी २: अंकांची बेरीज आणि तीन-तीनचे गट

१ ते ९ ची बेरीज ४५. तिला ९ नं भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. यातली खरी गंमत ही की बेरजेला अंकांच्या क्रमाशी देणंघेणं नाही. हे नऊ अंक कसेही उलटसुलट मांडा, एकूण ३,६२,८८० मांडण्या होतात, आणि त्यातली एकही मूळ संख्या नाही. एक बेरीज केली आणि साडेतीन लाखांवर संख्यांचा निकाल लागला.

(द. रा. कापरेकरांनी ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग जातो तिला हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येला ४५ नं भाग जात नाही, कारण ५ नं जात नाही. पण शेवटी एक शून्य जोडा: १,२३,४५,६७,८९०. बेरीज तीच ४५, आणि आता भाग जातो.)

९ नं भागून घेऊ: १२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१. भागाकाराच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे यात आता एकही ३ उरलेला नाही. संख्येत ३ बरोबर दोनदाच होता.

पुढचा प्रश्न ७, ११ आणि १३ चा. तिघांची वेगळी कसोटी लक्षात ठेवायची गरज नाही. ७ × ११ × १३ = १,००१ हे एकच लक्षात ठेवा. आपली १२,३४,५६,७८९ उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडा. आपण लाख-कोटीचे स्वल्पविराम देतो, त्यामुळे नवख्यांची इथे नेहमी गफलत होते. स्वल्पविराम पुसून नव्यानं गट पाडा: १२३ | ४५६ | ७८९. आता उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. या तिघांपैकी कुणाचाही ४५६ ला भाग जात असेल तरच आपल्या संख्येला जाईल. ४५५ ला ७ आणि १३ या दोन्हींचा भाग जातो, म्हणून ४५६ ला बाकी १. आणि ११ नं भागलं तर बाकी ५. तिघेही बाद.

याच गटांची नुसती बेरीज केली तर ३७ चीही तपासणी होते, कारण ९९९ मध्ये ३७ आहे. १२३ + ४५६ + ७८९ = १,३६८; पुन्हा १ + ३६८ = ३६९; आणि ३७० ला ३७ नं भाग जातो, म्हणून ३६९ ला जात नाही. ३७ बाद.

१७, १९, २३, २९, ३१ यांना सरळ १,३७,१७,४२१ वर भागाकार करून बघा. एकानंही भाग जात नाही. ४१, ४३, ४७ ही नाही.

पायरी ३: कुंपण घाला

इथे थांबा. असंच पुढे भागत जाण्याआधी विचारा: कुठपर्यंत जायचं? एखादी संख्या मूळ नसेल तर तिच्या दोन अवयवांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा असू शकत नाही. दोन्ही मोठे असतील तर गुणाकारच संख्येच्या वर जाईल.

३,७०३ चा वर्ग १,३७,१२,२०९ आणि ३,७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. आपली १,३७,१७,४२१ या दोघांच्या मध्ये. म्हणजे ३,७०३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम संपलं.

पण त्या पाचशेच्या वर आहेत. आणि मी आधीच सांगून ठेवतो: या संख्येचा पुढचा अवयव ३,६०७ आहे, म्हणजे अगदी कुंपणाला चिकटलेला. मूळ संख्यांच्या रांगेत तो ५०४ वा. भाग देतच गेलात तर ५०३ वेळा बाकी उरेल आणि ५०४ व्या वेळी भाग जाईल. मधे कुठेतरी कंटाळून ही मूळच असणार असं ठरवून टाकण्याचा मोह होतो. हा मोह मी पुष्कळांच्या वह्यांत पाहिला आहे.

पायरी ४: फर्माची युक्ती

माझ्या मते या विषयातली नवशिक्यासाठी सगळ्यात देखणी युक्ती हीच. फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मानं १६४३ च्या एका पत्रात ती वापरली.

शाळेत शिकलेलं सूत्र आठवा: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. ते उलट वापरायचं. आपली संख्या जर दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता आली, तर तिचे अवयव आपोआप हातात येतात. प्रत्येक विषम संयुक्त संख्या अशी लिहिता येतेच: दोन अवयवांचा मध्य घ्या, मध्यापासूनचं त्यांचं अंतर घ्या, झालं.

तर मग वर्गमुळाच्या लगेच वरच्या संख्येपासून सुरुवात करा. तिचा वर्ग करा, त्यातून आपली संख्या वजा करा, आणि उरलेली संख्या वर्ग आहे का ते बघा.

पहिला प्रयत्न ३,७०४. वर्ग १,३७,१९,६१६. वजाबाकी २,१९५. हा वर्ग आहे का? वर्गमूळ काढायचीसुद्धा गरज नाही: ५ नं संपणारा वर्ग नेहमी २५ नं संपतो, आणि हा ९५ नं संपतोय. बाद.

दुसरा प्रयत्न ३,७०५. पुन्हा सगळा वर्ग करू नका. एका वर्गावरून पुढच्या वर्गावर जायला दोन्ही संख्यांची बेरीज मिळवायची असते: ३,७०४ + ३,७०५ = ७,४०९. म्हणजे नवी वजाबाकी २,१९५ + ७,४०९ = ९,६०४.

आता या ९,६०४ कडे नीट बघा. १०० पेक्षा २ कमी म्हणजे ९८. त्याचा वर्ग १०,००० − ४०० + ४. बरोबर ९,६०४.

म्हणजे १,३७,१७,४२१ = ३,७०५ चा वर्ग वजा ९८ चा वर्ग. अवयव: ३,७०५ − ९८ = ३,६०७ आणि ३,७०५ + ९८ = ३,८०३.

पाचशे भागाकारांचं काम दुसऱ्या प्रयत्नात झालं. खरं तर पहिला प्रयत्नही टाळता आला असता. १,३७,१७,४२१ ला ४ नं भागलं तर बाकी १ उरते. वर्गाला ४ नं भागलं की बाकी ० किंवा १ च येते, त्यामुळे वजाबाकीची बाकी १ यायची तर पहिली संख्या विषम आणि दुसरी समच हवी. ३,७०४ सम, तिला हात लावायचं कारणच नव्हतं.

पण या युक्तीच्या प्रेमात पडून तिला सगळीकडे लावू नका. ती चालली कारण दोन्ही अवयव एकमेकांच्या जवळ होते. आपलीच संख्या उलटी लिहा: ९८,७६,५४,३२१. ९ नं भागून १०,९७,३९,३६९ उरते. हिच्यावर फर्माची पद्धत लावली तर नुसत्या विषम संख्या घेऊनही जवळपास नव्वद हजार प्रयत्न होतील. उलट साध्या भागाकारानं १७ वरच भाग जातो, तोही दोनदा: ९८,७६,५४,३२१ = ३ × ३ × १७ × १७ × ३,७९,७२१. म्हणून क्रम असा ठेवा: आधी लहान मूळ संख्यांनी भागून घ्या, मग फर्माचे दहा-वीस प्रयत्न करा, आणि तरीही काही हाती लागलं नाही तर मग लांबच्या वाटेला लागा.

आरएसए या सांकेतिक पद्धतीत, जी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये मांडली, दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवतात आणि सारी सुरक्षितता त्याचे अवयव न सापडण्यावर असते. तिथे त्या दोन संख्या एकमेकांच्या फार जवळच्या निवडल्या तर कुलूप याच युक्तीनं उघडतं. नीट निवडलेल्या संख्यांचं काम मात्र अवघड असतं: २५० अंकी आरएसए-२५० ही संख्या २०२० मध्ये कुठे फुटली.

पायरी ५: अवयव खरंच मूळ आहेत का?

ही पायरी गाळायची नाही. ३,६०७ साठी ६० पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात (६० चा वर्ग ३,६००, ६१ चा ३,७२१). ३,८०३ साठी ६१ पर्यंत. १,३७,१७,४२१ साठी ४७ पर्यंतच्या मूळ संख्या आधीच तपासून झाल्या आहेत, आणि संख्येलाच भाग जात नाही तर तिच्या अवयवाला कुठून जाणार? राहिले फक्त ५३, ५९ आणि ६१. ३,६०७ ला ५३ नं भागलं की बाकी ३, ५९ नं ८. ३,८०३ ला ५३ नं ४०, ५९ नं २७, ६१ नं २१. दोन्ही मूळ.

म्हणून १२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३,६०७ × ३,८०३. अवयवांचा क्रम सोडला तर दुसरी कुठलीही फोड संभवत नाही.

पायरी ६: फोड मिळाली, आता विचारा काय ते

आतापर्यंतची मेहनत इथे वसूल होते.

विभाजक किती? ३ शून्य, एक किंवा दोनदा घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. ३,६०७ आणि ३,८०३ प्रत्येकी घ्या किंवा सोडा, दोन-दोन पर्याय. ३ × २ × २ = १२. एवढ्या मोठ्या संख्येला फक्त बारा विभाजक: १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि ती स्वतः. ९ नंतर एकदम ३,६०७. मधे काहीच नाही. हे रितेपण मला या संख्येचा खरा स्वभाव वाटतो.

विभाजकांची बेरीज? (१ + ३ + ९) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३) = १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. यातून संख्या स्वतः वगळली तर ५,४९,६६,०२७ उरतात, म्हणजे संख्येच्या निम्म्याहूनही कमी. ६ = १ + २ + ३ अशी जी परिपूर्णता काही संख्यांत असते, तिच्यापासून ही फार दूर आहे.

हिच्याशी सहमूळ संख्या किती? म्हणजे १ पासून हिच्यापर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? आधी ३ च्या पटीतल्या काढा, दोन तृतीयांश उरतात: ८,२३,०४,५२६. त्यातला ३,६०७ वा हिस्सा, २२,८१८, वजा करा: ८,२२,८१,७०८. मग त्यातला ३,८०३ वा हिस्सा, २१,६३६, वजा करा: ८,२२,६०,०७२. सहमूळ संख्यांच्या या मोजणीलाच, गणितज्ञ ऑयलरच्या नावावरून, ऑयलरचा फाय म्हणतात. आकडे बोलतात ते ऐका: ३ नं एका फटक्यात चार कोटींच्या वर संख्या उडवल्या, आणि बाकीचे दोन मोठे अवयव मिळून पंचेचाळीस हजारसुद्धा उडवू शकले नाहीत. मोठा मूळ अवयव फार थोड्या संख्यांना अडवतो.

पायरी ७: वर्गांची बेरीज

ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का? हिला ४ नं भागलं तर बाकी १ उरते, त्यामुळे वरवर शक्य वाटतं. पण फर्मानं सांगितलेला आणि ऑयलरनं सिद्ध केलेला नियम फोडीकडे बघायला लावतो: ज्या मूळ अवयवाला ४ नं भागल्यावर बाकी ३ उरते, तो फोडीत सम वेळा आला पाहिजे. ३ दोनदा आला, ठीक. पण ३,६०७ ची बाकी ३, ३,८०३ ची बाकीही ३, आणि दोघं एकेकदाच आले आहेत. म्हणून नाही. कितीही शोधा, सापडणार नाहीत.

तीन वर्ग? तिथे अडचण ८ नं भागून ७ बाकी उरणाऱ्या संख्यांची आणि त्यांच्या चौपट, सोळापट अशा पटींची असते. कोपऱ्यात लिहून ठेवलेली बाकी आठवा: ५. म्हणजे जमणार. आणि शोधायला फार लांब जावं लागत नाही. ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१. आपल्या संख्येतून वजा केला तर उरतात २,४६८. हे २,४६८ म्हणजे ३८ चा वर्ग १,४४४ अधिक ३२ चा वर्ग १,०२४. म्हणून

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२²

ही ओळ पहिल्यांदा वहीत उतरली तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो.

पायरी ८: उलट्या संख्येशी नातं

९८,७६,५४,३२१ आणि १२,३४,५६,७८९ यांचा मसावि काढा. दोन्हींची फोड आपल्याकडे आहे, पण ती बाजूला ठेवून युक्लिडच्या रीतीनं करा: मोठीला लहाननं भागायचं, मग लहानला बाकीनं. ८ × १२,३४,५६,७८९ = ९८,७६,५४,३१२. बाकी ९. आणि १२,३४,५६,७८९ ला ९ नं नि:शेष भाग जातो. मसावि ९. दोन भागाकारांत काम संपलं आणि अवयवांची गरजही पडली नाही. कितीही मोठ्या संख्या असोत, मसावि काढणं सोपं आणि अवयव पाडणं अवघड, हा या विषयातला मोठा विरोधाभास आहे.

याच ओळीतून आणखी एक उत्तर मिळतं. एखादी संख्या त्रिकोणी आहे का, म्हणजे १ + २ + ३ + … अशा बेरजेतून येते का, हे बघायला तिची आठपट करून १ मिळवतात. तो वर्ग आला तर त्रिकोणी. आपली आठपट अधिक एक म्हणजे ९८,७६,५४,३१३. एककस्थानी ३. कुठलाही वर्ग ३ नं संपत नाही. त्रिकोणी नाही.

आता एक संख्या तुमच्यासाठी, खुद्द फर्मानं त्या १६४३ च्या पत्रात फोडलेली: २,०२,७६,५१,२८१. तिचं वर्गमूळ ४५,०२९ च्या किंचित वर आहे आणि ४ नं भागलं तर बाकी १ उरते, म्हणून फक्त विषम संख्या घ्यायच्या. ४५,०३१ पासून सुरुवात करा. सहाव्या प्रयत्नात वजाबाकीच्या शेवटी दोन शून्यं दिसतील. तिथे थांबा आणि वर्गमूळ काढा.